अकरा झाडं आणि एक झाकण

मी एक जुनं झाकण आहे. हसू नका, मित्रांनो! मी डब्याचं नाही आणि बरणीचंही नाही. कॅमेऱ्याच्या भिंगावर बसतं ना, ते झाकण मी. सध्या माझा मुक्काम बटणांच्या एका पत्र्याच्या डब्यात आहे. दोन भोकांची, चार भोकांची, शिंपल्याची, पितळेची अशी शेकडो बटणं माझ्या अंगावर रेलून पडलेली असतात. त्यांना वाटतं, मीही एक मोठं बटणच आहे आणि भोकं पाडायची राहून गेली म्हणून कुणी मला कोटाला लावलं नाही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण तुम्हाला मात्र माझी खरी हकिकत सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पातळ पत्र्याची पट्टी यंत्रात शिरली, वरून एक दणका बसला आणि मी गोल होऊन बाहेर पडलो. मला काळा रंग दिला. एका बाईंनी माझ्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं आणि "पुढचं" म्हणाल्या. झालं माझं बारसं! मग मला एका कॅमेऱ्याच्या भिंगावर बसवलं. आमचा कॅमेरा फिल्मचा होता. त्याची एक गंमत होती. डोळा लावून बघायची खिडकी वेगळी, वरच्या कोपऱ्यात. आणि चित्र टिपणारं भिंग वेगळं, खाली मधोमध. म्हणजे खिडकीतून बघणाऱ्याला भिंगावर काय बसलंय ते दिसायचं नाही. हे नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा तिथेच झाला.

आम्हाला घरी आणलं ते तराजूकाकांनी. हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. पितळी वजनांची पेटी घेऊन गावोगावच्या बाजारात जायचं आणि दुकानदारांचे काटे बरोबर आहेत की नाहीत ते पाहायचं, हे त्यांचं काम. बोलतानाही ते शब्द तोलूनमापून टाकायचे, म्हणून त्यांच्या वडिलांनीच त्यांना 'तराजू' म्हणायला सुरुवात केली, आणि मग सगळी गल्लीच म्हणू लागली.

काम आटोपलं की काका पेटी मुक्कामावर ठेवत आणि कॅमेरा गळ्यात अडकवून गावाबाहेर चालू लागत. टेकड्या, नदीची वळणं, तळी, पूल, वाटा, ढग. त्यांना त्याचं वेडच होतं. माणसांचे फोटो मात्र ते काढत नसत. "माणसं हलतात," म्हणायचे. त्यावर काकूंचं उत्तर ठरलेलं असे.

"डोंगरांचे चार अल्बम भरलेत. बायकोचा एकच फोटो, तोही पाठमोरा. का, तर पुढे तळं होतं!"

काकू शिवणकाम करत. बोलता बोलता त्यांचं मशीन कधी थांबत नसे.

काकांची आणखी एक सवय सांगतो. प्रत्येक फोटो काढला की ते खिशातली छोटी वही काढायचे आणि तोंडाने पुटपुटत लिहायचे. आकडा, जागा, वेळ, उजेड आणि समोर काय आहे ते. "नऊ. ओढा. सकाळ, ऊन मागून. दगडावर एक पांढरा पक्षी, उडायच्या बेतात." सगळं असं मोजून मापून.

आणि माझं काम? फोटो काढायचा नसेल तेव्हा भिंगाला धुळीपासून जपायचं. फोटोची वेळ आली की मी खिशात! म्हणजे बघा, इतकी वर्षं डोंगरदऱ्या हिंडूनही, ज्या क्षणासाठी काका तीन तीन मैल चालत गेले तो एकही क्षण मी पाहिला नव्हता. मी पाहिला होता तो त्यांच्या शर्टाचा खिसा आणि त्यातला बसच्या तिकिटांचा चुरा. तसं मला फारसं वाईट वाटत नसे. पण थोडं वाटे.

एकदा बसमधून उतरताना कुणाचा तरी बूट माझ्यावर पडला आणि माझी कड फाकली. तेव्हापासून मी सैल झालो. काकांनी चामड्याच्या पिशवीचं तोंड उघडून कॅमेरा जरा कलता केला की मी आपोआप त्यांच्या डाव्या तळहातावर, टप्! मला काढायची वेगळी आठवण ठेवावीच लागत नसे. हात पुढे करायचा, मला झेलायचं, खिशात टाकायचं. तीनदा मी हरवलो आणि तीनदा सापडलो. एकदा तर एका बकरीच्या अगदी तोंडातून!

त्या घरात तिसरं माणूस होतं ते आजोबा, काकांचे वडील. उमेदीच्या काळात ते डोंगरातल्या रस्त्यावर काम करणाऱ्या टोळीचे मुकादम होते. त्या रस्त्यावर एक अवघड वळण होतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. धुकं उतरलं की रस्ता कुठे संपतो आणि दरी कुठे सुरू होते हे कळत नसे. एकदा तिथे मालाने भरलेला एक ट्रक कलंडला. चालक कसाबसा वाचला. त्यानंतर आजोबांनी आणि त्यांच्या एका जोडीदाराने दरीच्या कडेने अकरा रोपं लावली. बादल्यांनी पाणी घालून ती जगवली, बुंध्यांना चुना लावला. पांढऱ्या बुंध्यांची रांग दिसली की गाडीवाला ओळखायचा, याच्यापुढे जायचं नाही. "सरकारने रस्ता बांधला," आजोबा म्हणायचे, "पण कड आम्ही दाखवली."

एके दिवशी आजोबा स्टुलावरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ते अंथरुणावर असतानाच त्यांचा तो जोडीदार वारल्याची बातमी आली. घरातल्यांनी ठरवलं, एवढ्यात सांगायचं नाही. प्रकृतीला झेपणार नाही. आजोबा विचारायचे, "त्याचं पत्र नाही आलं?" आणि काका म्हणायचे, "येईल." असा महिना गेला. मग जोडीदाराचा मुलगाच भेटायला आला आणि सगळं उघड झालं. जाता जाता तो आणखी एक बोलून गेला. "त्या वळणावरचा रस्ता रुंद केलाय म्हणे. तुमची झाडंबिडं गेलीच असतील आता."

आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं. "दुकानदारांना एक ग्रॅम सोडत नाहीस," ते काकांना म्हणाले, "आणि बापाला महिनाभर खोटं वजन दिलंस?"



डॉक्टरांनी बजावलं होतं, हाड जुळलंय, आता रोज दहा पावलं तरी टाका, नाहीतर कायमचे अंथरुणाला खिळाल. पण आजोबा उठेचनात. "उठून कुठे जायचंय मला?" एवढंच म्हणायचे. काठी कोपऱ्यात उभी आणि आजोबा आडवे. दिवसेंदिवस त्यांचे पाय काटक्यांसारखे होत चालले.

शेवटी काका म्हणाले, "बाबा, मी स्वतः जाऊन बघून येतो."

"बघून येऊ नकोस. फोटो आण," आजोबा भिंतीला म्हणाले. "या घरातल्या तोंडी निरोपांवर आता माझा विश्वास नाही."

निघायच्या आदल्या दुपारी काका बसचं वेळापत्रक वाचत होते. काकूंनी मला उचललं. कुणाच्या तरी कोटाच्या कॉलरची लाल मखमल उरली होती, तिची बारीक पट्टी कापून त्यांनी माझ्या कडेला आतून चिकटवली आणि मला भिंगावर दाबून बसवलं. मी घट्ट बसलो.

"अहो, झाकणाला मखमल लावलीय. आता वादळ आलं तरी निघायचं नाही!"

"हं," काका म्हणाले.

मित्रांनो, त्या एका 'हं'ने केवढं रामायण घडवलं!

दोन बस बदलून काका त्या डोंगराच्या पायथ्याशी उतरले. चामड्याची पिशवी उघडली, नेहमीसारखा हात पुढे केला. त्याच वेळी मागून एका ट्रकने असा भोंगा वाजवला की ते दचकून बाजूला झाले. मग डोळा खिडकीला लावला आणि क्लिक! मी भिंगावरच होतो.

खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंद झाला. समोर दरी उलगडली होती, ढगांच्या सावल्या उतारावरून सरकत होत्या, आणि मी पहिल्यांदाच हे सगळं पाहत होतो. वाटलं, काकांनी आज मला मुद्दाम दाखवायला ठेवलंय! तिसऱ्या क्लिकला माझ्या लक्षात आलं की जे मला दिसतंय ते भिंगाला दिसत नाही. त्याला दिसतोय फक्त काळोख. मी सुटायची खूप धडपड केली. पण मखमल सोडेना. काकूंचं काम नेहमी पक्कंच असायचं.

वळणावर पोचल्यावर काका एकदम थांबले. मग मोठ्याने मोजू लागले. "एक, दोन, तीन..." अकराच्या अकरा झाडं उभी होती! रस्ता रुंद केला होता, पण डोंगराच्या बाजूने, कडा फोडून. झाडांना कुणी हात लावला नव्हता. उलट त्यांच्या बुंध्यांना ताजा चुना होता. काका एकटेच हसले, चष्मा पुसला आणि क्लिक, क्लिक सुरू केलं. प्रत्येक झाड पुढून, मागून, बाजूने. प्रत्येक वेळी वही. मी त्यांचं पुटपुटणं ऐकत होतो आणि मेल्याहून मेल्यासारखा होत होतो. छत्तीस फोटो. जगात ते फक्त मी पाहिले.

घरी आल्यावर काका दारातूनच ओरडले, "बाबा, आहेत! अकराही आहेत!"

"फोटो बघू," आजोबा म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी दोन घास जास्त खाल्ले, हे काकूंनी मशीनला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी काका कॅमेरा घेऊन कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्याने धुतलेली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. ती इकडून तिकडे नितळ होती, एखाद्या धुतलेल्या काचेसारखी.

"यात काहीच आलं नाही हो. फिल्मला उजेडच लागला नाही."

मग त्याची नजर कॅमेऱ्यावर गेली. त्याने नखांनी मला ओढलं. टक् असा आवाज झाला. माझी लाल मखमल काकांच्या समोर आली. काकांनी मला घेऊन खिशात टाकलं.

स्टुडिओवाला भला माणूस होता. काकांचा चेहरा पाहून त्याने खणातून एक पाकीट काढलं. "हे बघा, डोंगरातलाच रस्ता आहे, कडेला झाडंही आहेत. एका गिऱ्हाइकाने नेलेच नाहीत. म्हाताऱ्या माणसाला काय कळणार? मनाला बरं वाटेल त्यांच्या."

काकांनी फोटो हातात घेतले. बराच वेळ पाहिले.  मग त्यांनी ते फोटो परत पाकिटात घातले.

"झाडं नऊच आहेत," ते म्हणाले. पाकीट परत देत म्हणाले, "आणि अकरा असती तरी नकोत. एकदा देऊन बघितलंय खोटं वजन."

घरी आल्यावर त्यांनी मला मशीनवर ठेवलं आणि झालं ते सांगितलं. काकूंचं मशीन थांबलं.

"पण मी सांगितलं होतं तुम्हाला!"

"कधी?"

"तुम्ही 'हं' म्हणालात!"

"मी वेळापत्रकाला 'हं' म्हणालो!"

"मग वेळापत्रकाशीच संसार करायचा होता!" काकू म्हणाल्या आणि एकदम रडू लागल्या. मग डोळे पुसून स्वतःच आजोबांच्या खोलीत गेल्या. "बाबा, चूक माझी आहे. मीच झाकण घट्ट केलं. एकही फोटो आला नाही. पण झाडं आहेत हो."

आजोबा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "छान जुळवलंत दोघांनी मिळून." आणि पुन्हा भिंतीकडे वळले. त्या दिवशी त्यांनी ताटाला हात लावला नाही.

मित्रांनो, मी कुणाचंही वाईट केलं नव्हतं. काकूंनीही नाही. तरी एका म्हाताऱ्याचं मन आमच्यामुळे मोडलं होतं. मी तर नुसतं झाकण. मला क्षमासुद्धा मागता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका वही घेऊन आजोबांच्या पलंगाशी बसले. मी त्यांच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत होतो.

"बाबा, फोटो नाहीत. पण मी प्रत्येक ठिकाणी उभा राहून लिहिलंय. तेवढं वाचतो. खरं मानू नका हवं तर."

आजोबा भिंतीकडेच तोंड करून होते. काका वाचू लागले. एक, पायथा. दोन, दरी. पाच, मैलाचा दगड, अंक पुसलेला.

"सगळेच दगड पुसलेले असतात," भिंत म्हणाली.

बारा, पहिलं झाड, फांदीवर रिकामं घरटं. पंधरा, तिसरं झाड, दरीकडे किंचित कललेलं.

"कुठलं ना कुठलं कललेलं असतंच."

काका न चिडता वाचत राहिले. "तेवीस. सातवं झाड, डोंगराच्या बाजूने. बुंध्यात एक लोखंडी कडी. झाडाने अर्धी गिळलेली. कशासाठी, कळत नाही."

 बाहेर काकूंचं मशीन थांबलं होतं. त्या दाराआडून ऐकत होत्या.

"परत वाच," आजोबा म्हणाले.

काकांनी परत वाचलं.

"कडी खूप उंच गेली असेल ना आता? तुझ्या डोक्याच्याही वर? झाड एवढं वाढलं म्हणतोस."

"नाही," काका म्हणाले. "माझ्या छातीशी होती. हात लावून पाहिला मी."

आजोबा हळूहळू या कुशीवर वळले. कित्येक दिवसांनी मला त्यांचा चेहरा दिसला. डोळे भरले होते, पण ओठ हसत होते.

"बरोबर. झाड वर वाढतं ते शेंड्याकडून. बुंध्यात ठोकलेलं जिथल्या तिथे राहतं. थाप मारत असतास तर म्हणाला असतास, हो, वर गेली." त्यांनी आपला अंगठा चोळला. "धुक्याच्या सकाळी तिला कंदील टांगायचो आम्ही. कडी मी धरली होती आणि हातोडा त्याने मारला होता. पहिला घाव माझ्या अंगठ्यावर! कंदील सरकारी होता, कुणाला विचारलं नव्हतं, त्यामुळे कुठे बोललो नाही. मला आणि त्याला सोडून ही कडी कुणाला ठाऊक नव्हती."

जोडीदाराच्या मरणाची बातमी कळल्यापासून आजोबा रडले नव्हते. त्या दुपारी ते रडले. काका त्यांचा हात धरून बसून राहिले. मग आजोबांनी बाहीने डोळे पुसले.

"मला उठवून बसव. अजून तेरा राहिलेत ना? बसून ऐकतो."

छत्तिसावा वाचून झाल्यावर त्यांनी काठी मागितली. त्या दिवशी पलंगापासून खिडकीपर्यंत चार पावलं झाली. दुसऱ्या दिवशी सहा. काकू पावलं मोजायच्या आणि सातव्या पावलाला म्हणायच्या, "आलं तुमचं कडीचं झाड!"

पुढच्या वर्षी तिघंही त्या वळणावर गेले. बस थेट झाडांपाशी थांबली. सकाळचं विरळ धुकं होतं आणि पांढरे बुंधे एकामागून एक उलगडत गेल्यासारखे दिसत होते. आजोबा काठी टेकत सातव्या झाडापाशी गेले आणि कडीत बोट अडकवून उभे राहिले. काकू त्यांच्या शेजारी. आणि माणसांचे फोटो न काढणाऱ्या काकांनी कॅमेरा वर केला.

"झाकण!" काकू आणि आजोबा एकदम ओरडले.

काकांनी कान पकडले, मला ओढून काढलं आणि खिशात टाकणार, एवढ्यात आजोबा म्हणाले, "ते माझ्याकडे दे. माझ्या हातात दिसलं म्हणजे तुला खात्री राहील." त्यांनी मला मुठीत घेतलं. मूठ खरखरीत होती आणि उबदार. मला क्लिक ऐकू आलं. दिसलं काहीच नाही.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आजोबा राहिले नाहीत. कॅमेऱ्याची कळ अडकली ती अडकलीच. तो कपाटात वरच्या फळीवर झोपला आहे. काका हल्ली मोबाइलवर फोटो काढतात, पण वही सुटलेली नाही. शेजारची मुलं कधी दुकान दुकान खेळतात तेव्हा माझं तराजूचं पारडं होतं. एरवी माझी आठवण कुणाला होत नाही. होत नाही म्हणून माझी तक्रारही नाही, कारण दिवाणखान्यात तो फोटो टांगलेला आहे. काकू डबा उघडतात तेव्हा मला तो समोरच दिसतो. झाड दिसतं, हसणाऱ्या काकू दिसतात, कडीत अडकवलेलं आजोबांचं बोट दिसतं. आणि त्यांची दुसरी मूठ, घट्ट मिटलेली. पाहुणे विचारतात, हातात काय आहे हो यांच्या? काकू हसून डबा पुढे करतात.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. तुम्ही हिंडा, डोंगर बघा, फोटोही भरपूर काढा. झाकण काढायला तेवढं विसरू नका. पण जिथे जाल तिथली एक तरी अशी गोष्ट निरखून पाहा, जिचा अर्थ तुम्हाला कळत नाही. तिला हात लावून बघा, वहीत लिहून ठेवा, आणि घरी आल्यावर जी आहे तशीच सांगा. कुणास ठाऊक, भिंतीकडे तोंड करून पडलेलं कुणीतरी नेमकी तीच ऐकायची वाट पाहत असेल.